ओतीलियाची अकरावी वही

"पुढचं हवं असेल तर घेऊन जा. ते माझ्या तोंडात नाही, कागदात आहे."

दोना ओतीलियाचं हे वाक्य मी सव्वीस वर्षं दर सोमवारी ऐकलं. सेर्रा मिउदाच्या बाजारात, जुआझेरोच्या झाडाखाली, तिची आणि माझी जागा लागून होती. माझ्या बाजूला एक फळी आणि तिच्यावर केळीच्या सोपटात बांधलेल्या गुळाच्या ढेपी. तिच्या बाजूला दोन खुंट, त्यांच्यामध्ये ताणलेली सुतळी, आणि सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेल्या पुस्तिका. तळहाताएवढ्या, पातळ, वरच्या रंगीत कागदावर लाकडी ठशाचं काळं चित्र. डोंगरावरून वारा उतरला की त्या सगळ्या एकदम फडफडायच्या आणि माझ्या गुळावरच्या माश्या उडायच्या.

मी म्हणायचो, "दोना ओतीलिया, तुमच्या गोष्टींचा मला एवढाच फायदा."

ती म्हणायची, "दामियांव, कधी उठून निघावं हे माश्यांनासुद्धा कळतं. तुला कुठे कळतंय? दर सोमवारी माझ्या गोष्टी फुकट ऐकत बसतोस."

फुकट ऐकत होतो हे खरं. अक्षरंही मी त्या पुस्तिकांवरूनच शिकलो, वयाच्या चाळिशीत, गिऱ्हाईक नसताना.

गोष्टी तिच्या स्वतःच्या. सगळ्या पद्यात, सहा सहा ओळींच्या कडव्यांत. सकाळी नवाच्या सुमारास ती एक पुस्तिका सुतळीवरून काढायची, डोक्यावरची गवती टोपी मागे सारायची आणि सुरू व्हायची. आवाज असा की पलीकडच्या शेळ्यांच्या बाजारात सौदा करणारे हात थांबायचे. माणसं जमायची. मांडीवर पोरं घेऊन बायका पोत्यांवर बसायच्या. गोष्ट चढत चढत जायची, आणि नेमकं जिथे श्वास अडकतो तिथे ती पानात बोट घालून पुस्तिका मिटायची.

"अगं बाई, जीव घेशील एखाद्याचा!"

"जीव नको, एक पुस्तिका घे," ती म्हणायची. आणि मग ते वाक्य.

आमच्याकडे पुस्तिका अशाच विकतात. तिचा बाप असाच विकायचा, बापाचा गुरू असाच विकायचा. शेवट तोंडाने सांगणारा कवी म्हणजे दुकान उघडं टाकून झोपणारा वाणी. ओतीलियाने आयुष्यात कुणाला शेवट सांगितला नव्हता. तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने एकदा विचारलं, "त्या गाढवाचं पुढे काय झालं गं?" तर तिने पुस्तिका आणून त्याच्या उशाशी ठेवली. तो वाचू शकत नव्हता. मग तिनेच वाचून दाखवली, पण कागदातून, तोंडाने नाही. एवढी ती कडक.

बापाचं नाव लुदुजेरो. मोठा कवी, पायात मात्र टायरच्या चपला. ओतीलिया नऊ वर्षांची असताना त्याने एक फार सुंदर गोष्ट रचली आणि चांगला कागद, चांगली छपाई मिळेल म्हणून दूरच्या एका शहरातल्या छापखानेवाल्याला दिली. त्या माणसाने लुदुजेरोला खुर्ची दिली, कॉफी पाजली, आणि गोष्ट ठेवून घेतली. सहा महिन्यांनी पुस्तिका आमच्या बाजारात आली. वर छापखानेवाल्याचं नाव.

आता आमच्या कवींची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात ते स्वतःचं नाव गुंफतात. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घ्या, वरून खाली वाचा, कवीचं नाव निघतं. वेष्टन फाटलं, चोराने दुसरं लावलं, तरी शेवटचं कडवं साक्ष देतं. लुदुजेरोने घाईघाईने शेवटचं पान उघडलं. ते कडवं कापलेलं होतं. तिथे दुसरंच, बेचव, कुणीतरी ठोकून बसवलेलं.

त्याने ती पुस्तिका विकत घेतली. स्वतःचीच गोष्ट, भर बाजारात, नऊ वर्षांच्या मुलीच्या देखत. ओतीलिया सांगायची, "बाबा रडला नाही. त्याने ती घडी करून टोपीत ठेवली आणि मला म्हणाला, पोरी, शेवट हातातून सोडू नकोस. नाव तिथेच असतं."

म्हणून ती मोठी झाल्यावर दूरच्या कुठल्याही छापखान्यात गेली नाही. आमच्याच गावात सेउ एवांद्रोचा छापखाना आहे (बाईला दोना, पुरुषाला सेउ म्हणायची आमची रीत), चौकाच्या कोपऱ्यावर, एका खोलीचा. हाताने फिरवायचं यंत्र, शिशाच्या अक्षरांचे खिळे. एवांद्रो एकेक खिळा चिमटीत धरून ओळ जुळवतो, आणि जुळवताना पुटपुटतो. तिच्या सगळ्या पुस्तिका त्याने छापल्या, वेष्टनांचे ठसेही त्यानेच लाकडात कोरले. तो तिच्या मुलीचा धर्मपिता. त्यामुळे ती त्याला कोंपाद्रे म्हणे, तो तिला कोमाद्रे, आणि दोघं सख्ख्या भावंडांसारखी भांडत.

भांडण बहुधा पानांवरून. एक कागद दुमडला की आठ पानं होतात. दोन दुमडले की सोळा. ओतीलियाची गोष्ट कधी अठरा पानांची व्हायची, आणि एवांद्रो म्हणायचा, "दोन पानं उडव."

"काय उडवू? नवरीला की नवऱ्याला?"

"वरात उडव. वरातीत कुणाला रस आहे?"

ती चरफडत वरात उडवायची. असं तीस वर्षं चाललं. मग ती गोष्ट आली जी घडीत बसेना.

ओतीलिया ज्या गावात जन्मली ते गाव आता धरणाखाली आहे. पाणी यायच्या आधी लोकांनी आपापल्या माणसांच्या अस्थी कबरीतून काढल्या, पेट्यांत भरल्या आणि नव्या गावात आणून पुरल्या. तिच्या मनात ही गोष्ट किती वर्षं पडून होती कुणास ठाऊक. गोष्टीतली बेनविंदा ही कपडे धुणारी बाई. आईच्या अस्थींची पेटी तिने स्वतः डोक्यावरून आणली आहे. वीस वर्षांनी तिला कळतं की त्या दिवशीच्या गोंधळात पेट्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती ज्या कबरीवर दर रविवारी मेणबत्ती लावते तिथे आपली आई नाही; तिची पेटी बहुधा जुन्या गावातच राहून गेली. त्याच वर्षी दुष्काळ पडतो, धरणाचं पाणी उतरतं, बुडालेल्या चर्चचं टोक वर येतं. बेनविंदा होडी मागून आणते आणि निघते.

एवढं मला ठाऊक आहे, कारण एवढं तिने मला सांगितलं. पुढचं कागदात.

हे पद्यात मावेना. ती म्हणाली, "सहा ओळी आल्या की दार लागतं रे दामियांव. हिला दार नकोय." मग ती गद्यात लिहू लागली. दुपारी, सारं गाव हॅमॉकमध्ये घोरत असताना, शाळेच्या वह्यांत. चार वर्षं लिहीत होती. अकरा वह्या झाल्या.

त्या वह्या शाळेतल्या वाल्देलीसीबाईंनी संगणकावर उतरवून घेतल्या. वाल्देलीसीबाई म्हणजे सोळा वर्षं आमच्या शाळेत शिकवणारी, वाचनालयाची किल्ली कमरेला लावून फिरणारी बाई. माणसाने पुस्तक परत केलं नाही तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांगते. दहा वह्या तिने उतरवल्या. अकरावी तिला मिळाली नाही.

"शेवट?" वाल्देलीसीने विचारलं.

"आहे."

"कुठे?"

"घरी. मक्याच्या पिठाच्या डब्याखाली."

"मग द्या ना, दोना ओतीलिया."

"पुस्तक छापायला जाईल तेव्हा देईन."

आणि याच सुमारास तिचा आवाज बसायला लागला. आधी दुपारनंतर, मग सकाळीच. ती डाळिंबाच्या सालीचा काढा बाटलीत घालून आणायची, दर कडव्यानंतर एक घोट. क्रातो शहरातल्या डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं की गाठी आहेत, जिवाला धोका नाही, पण उन्हात ओरडणं बंद करा, नाहीतर एक दिवस साधं बोलणंही जाईल.

त्या दिवशी बाजारात ती पोत्यावर बसली आणि म्हणाली, "पुस्तिकांचं ठीक आहे. त्या लोकांना ठाऊक आहेत. पण ही माझी बेनविंदा... हिला अजून कुणी ऐकलेलं नाही. माझा आवाज गेला तर ही बोलणार कुणाच्या तोंडून?"

हा तिचा घोर होता. पैशाचा नव्हे, नावाचाही तेवढा नव्हे. आमच्याकडे पुस्तक विकतं तोंडाने. तोंड नसलेलं पुस्तक म्हणजे बिनघंटेची शेळी, रानात कुठे गेली कुणाला कळत नाही.

वाल्देलीसीच म्हणाली, "एजंट बघूया."

मी ऐकत होतो. मी म्हणालो, "एजंट? तो टाकीत डासांच्या अळ्या बघायला येतो तो?"

"तो आरोग्य खात्याचा, सेउ दामियांव. हा साहित्यिक एजंट. तो लेखकाचं पुस्तक घेऊन प्रकाशकांच्या दारात जातो, लेखकाच्या वतीने बोलतो, करार नीट वाचतो. पुस्तक विकलं गेलं तर त्याचा वाटा, नाही गेलं तर काही नाही."

"म्हणजे दलाल," ओतीलिया म्हणाली.

"दलाल म्हणा हवं तर."

"माझ्या बापाला असाच एक भेटला होता. कॉफी पाजली होती त्याने."

गोष्ट चौक ओलांडून एवांद्रोच्या कानावर गेली. तो काळ्या हातांनी, चष्मा कपाळावर, तसाच बाजारात आला. "कोमाद्रे, तुला दलाल कशाला पाहिजे? मी मेलोय का?"

"तीनशे पानं आहेत, कोंपाद्रे. तुझ्याकडे सोळा पानं जुळवण्याइतके खिळे आहेत."

"मग? सोळा जुळवीन, छापीन, सोडवीन, पुन्हा सोळा जुळवीन."

"किती दिवस लागतील?"

तो बोटांवर मोजू लागला. हाताची बोटं संपली. "दोन वर्षं," तो म्हणाला. "अडीच. पण तुझी वरातसुद्धा उडवणार नाही."

ती हसली, पण हसताना घसा धरला. "आणि ओरडून विकणार कोण? तू?"

एवांद्रो चारचौघांत कॉफी मागायलाही लाजतो.

शेवटी ती वाल्देलीसीला म्हणाली, "विचारून बघायला काय जातंय." वाल्देलीसीने साओ पाउलोतली एक एजंट शोधली, नोएमी त्राल्दी नावाची, नवख्या लेखकांचीही पुस्तकं घेणारी. तिने मागितलं होतं ते असं: पहिली पन्नास पानं, आणि दोन पानांत संपूर्ण कथेचा सारांश, शेवटासह.

सारांश ओतीलियाने बोलून सांगितला, वाल्देलीसीने टंकला. होडीपर्यंत आल्यावर ओतीलिया थांबली. "आता लिही, पुढचं हवं असेल तर पुस्तक घ्यावं."

"दोना ओतीलिया, तिथे स्पष्ट लिहिलंय. शेवट सांगा."

"शेवट सांगितला तर ती पुस्तक घेईल कशाला?"

"ती विकत घेणार नाहीये. ती विकणार आहे."

"मग तर मुळीच सांगायचा नाही! विकणाऱ्याच्या तोंडून शेवट निसटला की धंदा बसला. पोरी, तू शाळेत शिकव, बाजारात मी शिकवीन."

वाल्देलीसीने कपाळाला हात लावला आणि तसंच पाठवलं. बाजारात जन्म काढलेलं माणूस हीच चूक करणार. ओतीलियाला ती चूक वाटलीच नाही. तिला वाटलं, आपण चांगला गळ टाकलाय.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. वाल्देलीसीने ते कागदावर काढून बाजारात आणलं आणि वाचून दाखवलं. "पन्नास पानं मी एका बैठकीत वाचली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण ज्या पुस्तकाचा शेवट मला माहीत नाही ते मी कोणाच्या दारात नेऊ शकत नाही. मी तुमच्यासमोर उभी असलेली गिऱ्हाईक नाही, दोना ओतीलिया. मला तुमच्या शेजारी उभं राहायला आवडेल. त्यासाठी सगळं पुस्तक लागेल. पाठवावंसं वाटलं तर पाठवा, घाई नाही."

"गोड लिहिते," ओतीलिया म्हणाली.

"मग देता ना वही?"

"बाबाला खुर्ची दिली होती बसायला."

त्यानंतर सात सोमवार गेले. कागद ती टोपीत घडी करून ठेवायची, बापासारखा. गर्दी नसली की काढून वाचायची, पुन्हा ठेवायची. मला विचारायची, "दामियांव, तू काय करशील?" मी म्हणायचो, "माझा गूळ मी कुणाच्याही हातून विकीन. पण गुळावर नाव नसतं." ती म्हणायची, "हेच तर." आणि आवाज प्रत्येक सोमवारी थोडा थोडा जात होता, माठातलं पाणी आटत जावं तसा.

मग ऑगस्टमधला तो सोमवार. वारा इतका की पुस्तिका सुतळीवर आडव्या झाल्या होत्या. ओतीलियाने 'गाढवाची साक्ष' घेतली. ही तिची सगळ्यात चालणारी गोष्ट. एका विधवेचं गाढव एक जमीनदार आपलं म्हणून ओढून नेतो. प्रकरण कोर्टात जातं. न्यायाधीश म्हणतो, गाढवाला चौकात मोकळं सोडा, ते ज्याच्या घरी जाईल त्याचं. सगळं गाव चौकात जमतं, दोर सोडतात, आणि इथे ओतीलिया पानात बोट घालते.

त्या दिवशी ती तिथवर पोचलीच नाही. न्यायाधीश अजून खुर्चीत बसत होता आणि तिच्या तोंडून नुसती हवा आली. तिने काढा प्यायला. पुन्हा तोंड उघडलं. हवा. माणसं क्षणभर थांबली, मग मागची एकेक सरकू लागली. तिने माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी तिचे कधी पाहिले नव्हते. मी उठलो खरा, पण माझी जीभ गुळासारखी टाळूला चिकटली.

आणि तेव्हा पलीकडून आवाज आला. "दोना ओतीलियाची गोष्ट आहे. ऐका."

एवांद्रो. नव्या पुस्तिकांचा गठ्ठा द्यायला आला होता, तो काखेत तसाच. त्याने पुस्तिका हातात घेतली नाही. डोळे मिटले आणि म्हणू लागला. ती गोष्ट त्याने सात वेळा अक्षर अक्षर जुळवली होती, त्याच्या बोटांत ती होती. पण म्हणायचा कसा? खिळे लावताना पुटपुटावं तसा, सपाट, विरामचिन्हांसकट.

"न्यायाधीश खुर्चीत बसला स्वल्पविराम..."

लोक हसले. "सेउ एवांद्रो, स्वल्पविराम घरी ठेवून या!"

कान लाल झाले, तरी डोळे मिटलेलेच. दोन कडव्यांनंतर स्वल्पविराम गळाले. चार कडव्यांनंतर आवाज मोकळा झाला. गेलेली माणसं परत आली. दोर सुटला. गाढव चौकात उभं राहिलं. ही ती जागा. ओतीलियाचं बोट आपोआप हवेत उठलं.

एवांद्रो थांबला नाही.

तिने त्याची बाही ओढली. त्याला वाटलं वाऱ्याने ओढली. मी ओरडलो, "सेउ एवांद्रो, बास! थांबा!"

"गप रे गूळवाल्या!" पंचवीस माणसं माझ्या अंगावर आली.

आणि तो शेवटपर्यंत गेला. गाढव जमीनदाराच्या फाटकापुढून गेलं, आत वळलं नाही. विधवेच्या दारावरून गेलं, तिथेही थांबलं नाही. लोक त्याच्यामागे. ते चालत चालत गावाबाहेर दफनभूमीत गेलं, आणि ज्या माणसाने त्याला शिंगराचं मोठं केलं त्या, विधवेच्या नवऱ्याच्या कबरीशी उभं राहिलं, आणि लाकडी क्रुसाच्या आडव्या हातावर हनुवटी टेकली. न्यायाधीशाने टोपी काढली.

मग एवांद्रोने शेवटचं कडवं म्हटलं, हळू, एकेक ओळ तोडून, आणि म्हणाला, "आता या सहा ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचा. ओतीलिया. ओ, त, ई, ल, इ, आ. सहा ओळी, सहा अक्षरं. ही मी नेहमी जाड खिळ्यांत लावतो, कुणाच्या नजरेतून सुटू नयेत म्हणून. संपलं."

झाडाखाली कुणी हललं नाही. शेळ्यांच्या बाजारातून एक शेळी ओरडली तेवढीच.

ओतीलिया कुजबुजली, तेवढाच आवाज उरला होता, "कोंपाद्रे, मारलंस मला. आता कोण घेणार?"

एवांद्रोने डोळे उघडले. "मला कुणी सांगितलंय कुठे थांबायचं? मी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत लावतो. मधेच थांबलं तर पान कोसळतं."

पुढे बसलेली म्हातारी मोसिन्या, ऐंशी वर्षांची, डोळे पालथ्या हाताने पुसत उठली. "मला दोन दे."

"शेवट तर ऐकलात तुम्ही, दोना मोसिन्या."

"म्हणूनच दोन. ठाऊक नसता तर एक घेतली असती. एक माझ्या नातीकडून दर रविवारी वाचून घेईन. दुसरी बहिणीला पाठवते. चाळीस वर्षांत ती माझ्यासमोर रडलेली नाही. बघते आता कशी रडत नाही ती."

मग एक शेळीवाला पुढे आला. त्याला ते क्रुसावरचं पुन्हा वाचायचं होतं. मग दोन बायका. मग एक माणूस ज्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याला ती घरात हवी होती. सुतळीवर शेवटी नुसते चिमटे राहिले, वाऱ्यात एकमेकांवर टकटक करत.

ओतीलिया पोत्यावर बसून होती. मी गुळाचा खडा आणि पाणी दिलं. खडा तोंडात घोळवत ती म्हणाली, इतकं हळू की मला कान जवळ न्यावा लागला, "दामियांव, ही गोष्ट आज मी पहिल्यांदा ऐकली. आजवर नुसती सांगत होते. चांगली आहे रे."

"मी सव्वीस वर्षं काय सांगतोय?"

"तू गूळ विकणारा. तुला सगळंच गोड." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडून आली, तरी माझीच राहिली. आधी माझं नाव घेतलं त्याने. शेवटीही घेतलं."

ती उठली आणि घरी गेली. मला वाटलं, आज ती लवकर आवरणार. पण अर्ध्या तासाने परत आली. टोपीखाली केस नीट विंचरलेले, पायात चर्चला जायच्या चपला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि फडक्यावर मक्याचं पिवळं पीठ.

एवांद्रो माझ्या फळीपाशी उभा होता, अजून लोक त्याच्याशी बोलतील या भीतीने झाडाआड. त्याने फडक्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"देतेस त्या साओ पाउलोवालीला?" त्याने विचारलं.

ओतीलियाने मान हलवली.

"शेवटासकट?"

"शेवटासकट. शेवटच्या पानावर नाव गुंफलंय मी. गद्यातसुद्धा जमतं. कुणी कापलं तर मला कळेल, आणि तुला कळेल, आणि ह्या गूळवाल्याला कळेल. बाबाला एकट्याला कळलं होतं."

एवांद्रो खाली बघत नखातली शाई काढत राहिला. निघणारी शाई नव्हती ती. ओतीलियाने त्याच्या दंडाला हात लावला. "वेष्टनाचा ठसा तू कोरायचास. तसं मी त्या बाईला लिहिणार आहे. होडी, आणि पाण्यातून वर आलेलं चर्चचं टोक. दोन रात्री जाग."

"लाकूड आहे माझ्याकडे," एवांद्रो म्हणाला. "उंबुरानाचं. चांगलं सुकलेलं." आणि जरा थांबून, "पण कोमाद्रे, ती नाही म्हणाली तर?"

"तर दुसरी. नाहीतर तिसरी. बाजार एका गिऱ्हाइकावर उठत नाही. आणि सगळ्याच नाही म्हणाल्या तर तू आहेस, तुझे सोळा पानांचे खिळे आहेत, आणि तुझा तो आवाज." ती हसली. "स्वल्पविराम सोडून."

मी म्हणालो, "दोना ओतीलिया, एवढं सगळं ठरलंच आहे, तर मला तरी सांगा. होडी पोचल्यावर बेनविंदाला काय सापडलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, फडकं छातीशी धरलं, आणि तोंड उघडलं. मला ठाऊक होतं कुठलं वाक्य येणार. पण आवाज उरला नव्हता. तिने नुसतं बोट त्या फडक्यावर ठेवलं, दोनदा टकटक केलं, आणि वळली.

शाळा चौकाच्या पलीकडे आहे. ती उन्हातून निघाली, टोपी पुढे ओढून, वही दोन्ही हातांत धरून, डोक्यावरून पेटी नेणाऱ्या माणसासारखी सरळ. शेळ्यांच्या कळपाने वाट अडवली तशी थांबली, कळप जाऊ दिला, पुन्हा चालू लागली. मी फळीमागे उभा राहून पाहत होतो. एवांद्रो झाडाआडून बाहेर आला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून पाहू लागला. म्हातारी मोसिन्या पोत्यावर बसली होती, मांडीवर दोन पुस्तिका, तिने हाताची सावली करून विचारलं, "कुठे निघाली ती?"

शाळेच्या पायऱ्यांवर वाल्देलीसी येऊन उभी राहिली होती. ओतीलियाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.